उन्हाळ्यात संगणकशास्त्रातलं संशोधन: अमेरिकेतल्या पदवी विद्यार्थ्यांसाठी अर्जापासून पोस्टरपर्यंत

अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात दोन प्रकारचं काम मिळू शकतं. एक कंपनीतली इंटर्नशिप. तिच्यामागे सगळा वर्ग धावत असतो. दुसरी विद्यापीठातल्या संशोधनाची. तिच्याबद्दल बऱ्याच जणांना तिसरं वर्ष संपत आल्यावर कळतं. ही फुकट राबण्याची जागा नव्हे: दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते, बहुतेक ठिकाणी राहण्याची आणि प्रवासाची सोय असते आणि आधी संशोधन केलेलं असावं अशी अट सहसा नसते. उलट ज्यांच्या कॉलेजात संशोधन होतच नाही त्यांना डोळ्यासमोर ठेवूनच यातल्या पुष्कळशा जागा काढलेल्या आहेत. तरीही नवखे विद्यार्थी मागे पडतात, ते सहसा हुशारी कमी पडते म्हणून नाही. शिफारसपत्र वेळेत पोचत नाही, सेमिस्टरच्या तारखा जुळत नाहीत, किंवा विमानाचं तिकीट काढायला खिशात पैसे नसतात. म्हणून या लेखात अशा बारीकसारीक गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

जागा कुठे असतात

सगळ्यात मोठा रस्ता नॅशनल सायन्स फाउंडेशनचा, म्हणजे एनएसएफचा. त्यांचा ‘रिसर्च एक्स्पीरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स’ हा कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. सगळे त्याला आरईयू म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत आणि नवख्यांना बहुधा पहिलाच माहीत असतो.

पहिला प्रकार आरईयू साइट. एखाद्या विद्यापीठाला एका विषयासाठी अनुदान मिळतं, साधारण दहाएक विद्यार्थी बाहेरून येतात आणि आठ ते दहा आठवडे एकत्र राहून वेगवेगळ्या प्राध्यापकांकडे काम करतात. बरेचसे विद्यार्थी त्या विद्यापीठाबाहेरचे हवेत, आणि संशोधनाच्या संधी कमी असलेल्या कॉलेजांतले, त्यात दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजंही आली, विद्यार्थी घ्यायला हवेत अशी एनएसएफची अपेक्षा असते. आठवड्याला ६०० ते ७०० डॉलर हा सर्वसाधारण दर आहे. दहा आठवड्यांचे सहा-सात हजार डॉलर होतात, राहण्याची सोय त्याहून वेगळी.

दुसरा प्रकार आरईयू सप्लिमेंट. एखाद्या प्राध्यापकाकडे एनएसएफचा प्रकल्प आधीच चालू असेल, तर एक-दोन पदवी विद्यार्थ्यांसाठी त्याला वरून थोडे पैसे मागता येतात. याची जाहिरात नसते. तुमच्याच विद्यापीठात अशी जागा उघडू शकते आणि ती विचारणाऱ्यालाच मिळते. ते कसं विचारायचं ते पुढे येईल.

पात्रतेची मुख्य अट सरळ आहे: एनएसएफच्या पैशातून मानधन घ्यायचं तर अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड हवं आणि पदवी पूर्ण झालेली नसावी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर या पैशाच्या नादी लागू नका. आपल्याच विद्यापीठात एखाद्या प्राध्यापकाकडे दुसऱ्या निधीतून काम मिळतं का ते बघा. सुट्टीच्या काळात स्वतःच्या कॅम्पसवर पूर्णवेळ काम करता येतं. दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कॅम्पसबाहेर काम करण्याच्या परवानगीची) चौकशी करा आणि ती परवानगी हातात आल्याशिवाय होकार कळवू नका.

एनएसएफखेरीज ऊर्जा खात्याची ‘सुली’ ही योजना आहे: अरगॉन, ओक रिज, लॉरेन्स बर्कली अशा राष्ट्रीय प्रयोगशाळांत उन्हाळ्यात दहा आठवडे. तिथेही नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, जीपीए (ग्रेडची सरासरी) किमान ३.० आणि वय १८ पूर्ण. कम्युनिटी कॉलेजवाल्यांसाठी त्याच खात्याची सीसीआय नावाची वेगळी योजना आहे. तिथे चार वर्षांच्या विद्यापीठातल्या मुलांशी स्पर्धा नसते, म्हणून पात्र असाल तर ती सोडू नका. कम्प्युटिंग रिसर्च असोसिएशनच्या समितीने १९९४ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमाचं पुढचं रूप म्हणजे डीआरईयू. त्यात दहाजणांचा गट नसतो. एका विद्यार्थ्याची एका मार्गदर्शकाशी जोडी लावतात. शिवाय संधी कमी मिळालेल्या विद्यार्थ्यांना संशोधनाकडे आणणारे मॅकनेअर आणि एलएसएएमपी हे कार्यक्रम आहेत, पण ते कॅम्पसवर असतात. तुमच्या कॉलेजात आहेत का ते विद्यार्थी कार्यालयात एकदा विचारलं की कळतं.

हे सगळं सरकारी किंवा देणगीच्या पैशावर चालतं. एखाद्या वर्षी अनुदान संपतं आणि संकेतस्थळावरचं जुनं पान मात्र तसंच राहतं. पानावर चालू वर्षाची तारीख नसेल तर अर्ज लिहायला बसण्याआधी समन्वयकाला दोन ओळींचा ईमेल टाका.

‘कमी प्रतिनिधित्व’ म्हणजे कोण

या कार्यक्रमांच्या जाहिरातींत ‘कमी प्रतिनिधित्व असलेले गट’ असे शब्द दिसतात. अमेरिकेतल्या संगणकशास्त्रात त्यांत स्त्रिया, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळनिवासी विद्यार्थी, अपंग विद्यार्थी, घरातून पहिल्यांदाच पदवीला आलेले, माजी सैनिक आणि कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थी येतात. भारतीय वंशाचा मुलगा केवळ वंशामुळे यात बसत नाही. भारतीय वंशाची मुलगी, कर्णबधिर विद्यार्थी किंवा ज्याच्या आईवडिलांनी पदवी घेतलेली नाही तो बसतो. मात्र सरकारी पैशावरच्या साइटला निव्वळ वंश किंवा लिंग बघून जागा देता येत नाही, अर्ज सगळ्यांनाच करता येतो. त्यामुळे ‘मी या गटातली आहे’ एवढं लिहून भागत नाही आणि ‘मी या गटात नाही’ म्हणून अर्ज टाळायचंही कारण नाही. उपयोग होतो तो परिस्थितीच्या ठोस वर्णनाचा: कॉलेजात अल्गोरिदमच्या पुढचा एकही कोर्स नाही, आठवड्याला वीस तास नोकरी करून शिकते आहे, विभागात पीएचडीचे विद्यार्थीच नाहीत. निवड करणाऱ्याला अशा वाक्यांतून कळतं की ही जागा तुमच्यासाठी खरोखरच काही बदलू शकते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी

बहुतेक मुदती जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत येतात, सुलीची जानेवारीतच. म्हणजे काम ऑक्टोबरात सुरू व्हायला हवं. एनएसएफच्या संकेतस्थळावर आरईयू साइटची यादी विषयानुसार शोधता येते. त्यात ‘कम्प्युटर अँड इन्फर्मेशन सायन्स अँड इंजिनीअरिंग’ हा भाग उघडा. बऱ्याच साइट आता इटॅप या एनएसएफच्या सामाईक पोर्टलवरून अर्ज घेतात, काहींचे स्वतःचे फॉर्म आहेत.

आठ ते दहा अर्ज करा. दोन केलेत तर नशिबावर हवाला, वीस केलेत तर प्रत्येकच निवेदन (अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं एक पान) पातळ होतं. यादीत सगळी नामांकित विद्यापीठं भरू नका. तिथे अर्जांचा ढीग पडतो. मध्यम आकाराच्या राज्य विद्यापीठातली साइट कित्येकदा मार्गदर्शनात सरस असते, कारण तिथले प्राध्यापक पदवी विद्यार्थ्यांबरोबर स्वतः बसतात. प्रत्येक साइटसमोर पाच गोष्टी टिपून ठेवा: मुदत, सुरू आणि संपण्याची तारीख, मानधन, राहण्याची सोय, आणि तिथल्या ज्या प्रकल्पांत तुम्हाला रस आहे असे दोन.

सुरू होण्याची तारीख नीट बघा. तुमचं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं, म्हणजे सेमिस्टरऐवजी लहान सत्रांचं, असेल तर वर्ष जूनच्या मध्याला संपतं आणि अनेक साइट मे-अखेरीला सुरू होतात. काही समन्वयक दोन आठवडे उशिरा येऊ देतात, काही नाही. हे अर्ज करण्याआधी विचारायचं. एप्रिलमध्ये निवड झाल्यावर विचारलंत तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जाते. त्याच काळात उन्हाळी कोर्सही घेऊ नका. कार्यक्रम पूर्णवेळ असतो आणि बऱ्याच साइट कोर्स किंवा दुसरी नोकरी करू देत नाहीत.

शिफारसपत्रं सहसा दोन लागतात. तुम्हाला ए ग्रेड दिलेल्या पण चेहऱ्याने न ओळखणाऱ्या प्राध्यापकाचं पत्र दीड ओळीचं येतं. त्यापेक्षा ज्यांच्या ऑफिस अवर्सला तुम्ही प्रश्न घेऊन गेलात ते बरे, मग ते गणिताचे का असेनात. नोव्हेंबरच्या शेवटी विचारा, म्हणजे सुट्टीत त्यांना वेळ मिळतो. विचारताना ‘माझ्यासाठी चांगलं पत्र लिहू शकाल का’ असं मोकळेपणाने विचारा, त्यामुळे नकार देणाऱ्यालाही वाट मिळते. होकार आला की एकाच ईमेलमध्ये साइटची यादी मुदतीच्या क्रमाने, तुमचं निवेदन, ट्रान्सक्रिप्ट आणि त्यांच्या वर्गात तुम्ही काय केलं होतं त्याच्या चार ओळी पाठवा. मुदतीआधी एक आठवडा आणि मग दोन दिवस, अशी दोनदा आठवण करा. पोर्टलवरून पत्राची विनंती आपोआप जाते ती बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते. तुमचा अर्ज पूर्ण आणि पत्र मात्र नाही, अशा फायली बऱ्याच ठिकाणी कोणी उघडतही नाही.

सुलीला जीपीए ३.० लागतोच, पण बाकी ठिकाणी तो त्याच्या खाली असेल तर अर्ज सोडून देऊ नका, फक्त कारण एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. आजारपण, नोकरी, पहिलं सेमिस्टर बिघडलं आणि पुढे सुधारलं, एवढं पुरे. परिच्छेदभर स्पष्टीकरण दिलं की वाचणाऱ्याच्या मनात तेवढंच राहतं.

निवेदन

एक पान, ५०० ते ७०० शब्द. अर्ध्याहून अधिक निवेदनं लहानपणी घरात आलेल्या पहिल्या संगणकापासून सुरू होतात. तो परिच्छेद सरळ काढून टाका.

संशोधनाचा अनुभव नाही तर लिहायचं काय? उत्तर माहीत नसताना तुम्ही काय करता, ते. वर्गातल्या असाइनमेंटमधूनही हे दाखवता येतं. ‘डेटा स्ट्रक्चर्समध्ये मला रस आहे आणि मी मेहनती आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं बघा: ‘हॅश टेबल वापरूनही माझा प्रोग्रॅम अपेक्षेपेक्षा कितीतरी हळू चालत होता. प्रत्येक बकेटमध्ये किती नोंदी आहेत ते छापून पाहिलं तर आठपैकी सात बकेट रिकामे होते. सगळ्या ‘की’ (नोंदी शोधायचे आकडे) आठच्या पटीत होत्या आणि टेबलचा आकार दोनच्या घातात, त्यामुळे भागाकाराची बाकी ठरावीक जागीच पडत होती. आकार मूळ संख्येचा घेतल्यावर गर्दी पांगली. मग खऱ्या डेटातल्या ‘की’ अशा नियमित का असतात, हा प्रश्न मला पडला.’ यात शंका आहे, मोजमाप आहे, कारण आहे आणि पुढचा प्रश्नही आहे. निवड करणारा प्राध्यापक नेमकं हेच शोधत असतो.

दुसऱ्या परिच्छेदात त्या साइटमधले एक-दोन प्रकल्प नावानिशी घ्या आणि त्यांत तुम्हाला काय समजलं नाही तेही लिहा. त्यासाठी प्राध्यापकाचा एक अलीकडचा शोधनिबंध वाचावा लागतो: आधी सारांश, मग आकृत्या आणि तक्ते, मग प्रस्तावना. मधलं गणित पहिल्या वाचनात सोडलंत तरी चालतं. तिसऱ्या परिच्छेदात परिस्थिती आणि पुढचा विचार. पीएचडी करायचीच आहे असं खोटं लिहू नका. ‘करावी का ते ठरवायला हा उन्हाळा हवा आहे’ हे उत्तर प्रामाणिक आहे आणि चालतंही. शेवटी विद्यापीठाचं नाव तपासा. एका साइटच्या अर्जात दुसरीचं नाव राहून जाणं दरवर्षी घडतं.

सप्लिमेंटसाठी प्राध्यापकाला ईमेल

आपल्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकाला जानेवारीत लिहा, कारण पैसे मागायचे तर त्यांनाही वेळ लागतो. सहा-सात वाक्यं पुरतात. तुम्ही कोण, कुठल्या वर्षाला. त्यांच्या कुठल्या निबंधातली कुठली गोष्ट वाचली आणि त्यावर एक खरा प्रश्न. तुम्हाला काय येतं, म्हणजे कुठली भाषा, कुठले कोर्स. उन्हाळ्यात आठवड्याला किती तास देऊ शकता. आणि मग सरळ विचारा की त्यांच्या एनएसएफ प्रकल्पावर आरईयू सप्लिमेंट मागता येईल का. हा शेवटचा प्रश्न विद्यार्थी संकोचाने गाळतात. पण नव्या प्राध्यापकाला स्वतःलाच ही तरतूद आठवत नसेल, तर तुमच्या ईमेलमुळे ती आठवते. त्यांच्याकडे एनएसएफचा चालू प्रकल्प आहे का ते एनएसएफच्या अनुदान शोध पानावर नाव टाकून आधी बघा. नसेल तर हा प्रश्न अर्थातच गैरलागू. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण द्या, मग दुसऱ्यांकडे वळा.

निवड झाल्यावर: पैशाचा हिशेब आधी

उत्तरं फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत येत राहतात आणि होकार कळवायला कधी जेमतेम आठवडा मिळतो. दुसऱ्या साइटची वाट बघायची असेल तर पहिल्या समन्वयकाला स्पष्ट सांगून चार-पाच दिवस मागा, बहुतेक जण देतात. एकीकडे होकार देऊन नंतर तो फिरवणं मात्र टाळा. हे क्षेत्र वाटतं त्याहून लहान आहे.

होकार देण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा. तिकीट विद्यापीठ काढतं की तुम्ही काढून नंतर भरपाई मिळते? भरपाई असेल तर ती येईपर्यंत काही आठवडे ते चारशे-पाचशे डॉलर तुमच्या कार्डावर राहतात. ते जमणार नसेल तर सांगा, समन्वयक बहुधा तिकीट परस्पर काढून देऊ शकतो. पहिलं मानधन कोणत्या तारखेला जमा होतं? ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आलं तर तोवर जेवणाचं काय, याची तजवीज हवी. वसतिगृहात स्वयंपाकघर आहे का, चादरी-उशा मिळतात का? आणि तुमचा आरोग्य विमा त्या राज्यात चालतो का, हे विमा कंपनीला विचारा. मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी विम्यावर असाल तर दुसऱ्या राज्यात तातडीच्या उपचारांपलीकडे सहसा काही मिळत नाही.

मानधन हा पगार नसतो. पुष्कळ ठिकाणी त्यातून कर आधी कापला जात नाही आणि पगाराची नोंद देणारा डब्ल्यू-२ फॉर्मही येत नाही. म्हणून कर लागू होत नाही असं समजू नका. राहण्या-जेवणावर खर्च होणारी ही रक्कम करपात्र उत्पन्नातच धरतात. प्रत्येक जमा रकमेतून दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवले की एप्रिलमध्ये धावपळ होत नाही.

सांकेतिक भाषेचा दुभाषी, स्क्रीन रीडरवर चालणारी साधनं, चाकाच्या खुर्चीने जाता येईल अशी खोली, यातलं काही लागत असेल तर निवड झाली त्याच आठवड्यात कळवा. दुभाषी मिळायला आठवडे लागतात आणि मे महिन्यात सांगितलं तर पहिले पंधरा दिवस वाया जातात.

दहा आठवडे कसे जातात

पहिल्या आठवड्यात संशोधन जवळपास होतच नाही. ओळखपत्र, सर्व्हरवरचं खातं, माणसांवरच्या प्रयोगांसाठी लागणारं ऑनलाइन प्रशिक्षण, कोड चालू करणं, यातच तो संपतो. सर्व्हरचं खातं मिळायला उशीर होत असेल तर तिसऱ्या दिवशी आठवण करा, दहाव्या नको. लिनक्सवर एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर काम करायला), गिट (कोडच्या आवृत्त्या ठेवायला) आणि टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवायला) एवढं आधी शिकून गेलात तर बरंच सोपं जातं. टीमक्स न वापरता रात्रभराचं काम सुरू करायचं, लॅपटॉप मिटायचा आणि सकाळी ते मेलेलं बघायचं, असं बहुतेकांचं एकदा तरी होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोणाचा तरी जुना निकाल पुन्हा काढायला सांगतात. वाटतं दोन दिवसांचं काम, लागतात दोन आठवडे. समजा निबंधात ८४ टक्के अचूकता आहे आणि तुम्हाला ८१ मिळते. कारण बहुधा या चारांपैकी एक असतं: डेटाची साफसफाई वेगळी, चाचणीसाठी काढलेला भाग वेगळा, लायब्ररीची आवृत्ती वेगळी, किंवा त्यांनी अनेक रँडम सीडवर (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या संख्यांवर) चालवून सर्वोत्तम आकडा छापला. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी कोडची आवृत्ती, सीड आणि आकडा वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर आकडा सुधारला तरी कशामुळे ते कळत नाही.

निकाल फारच चांगला आला तर आनंद करण्याआधी संशय घ्या. समजा तुमचं मॉडेल आवाजावरून काही ओळखायला शिकतं आहे. एकाच माणसाच्या आवाजाचे काही तुकडे शिकवण्याच्या भागात आणि काही चाचणीच्या भागात गेले की अचूकता ९९ टक्के दिसते. मॉडेल फक्त तो आवाज ओळखायला शिकलेलं असतं. माणसानुसार भाग पाडले की खरा आकडा खाली येतो.

अडलं तर किती वेळ एकट्याने झगडायचं? अर्धा-पाऊण दिवस, त्याहून जास्त नाही. मग आधी पीएचडीच्या विद्यार्थ्याला विचारा: काय करायचं होतं, काय केलं, त्रुटीचा संदेश काय, आतापर्यंत काय करून पाहिलं. असा प्रश्न लिहितानाच निम्म्या वेळा उत्तर सापडतं. मुळीच न विचारणं ही नवख्यांची सगळ्यात महाग चूक आहे, आणि ज्यांना ‘इथे मी चुकून आलो’ असं वाटत असतं तेच विचारायला सर्वांत जास्त घाबरतात. प्राध्यापकाच्या साप्ताहिक भेटीला अर्ध्या पानाची टिपणी न्या: या आठवड्यात काय केलं, एक आकृती, काय अडलं, पुढे काय. भेट पुढे ढकलली गेली तरी टिपणी ईमेलने पाठवा. मार्गदर्शक दोन आठवडे भेटतच नसेल तर समन्वयकाला सांगा. ती तक्रार समजली जात नाही, समन्वयकाचं ते कामच आहे.

सहाव्या आठवड्याला प्रकल्प आखडता घ्यायचा. पाच डेटासेटवर करायचं ठरलं असेल आणि दोनच झाले असतील तर दोनावरच थांबा आणि ते नीट तपासा. कल्पना चालली नाही, हाही निकाल आहे, पण ती का चालली नाही हे दाखवता आलं पाहिजे.

शेवटच्या दोन आठवड्यांत पोस्टर आणि अहवाल येतो. पोस्टर सहसा ३६ बाय ४८ इंचांचं असतं, छपाईला दोन-तीन दिवस लागतात आणि सगळ्यांची फाइल एकाच दिवशी पोचते, म्हणून एक दिवस आधी पाठवा. मजकूर ३०० शब्दांच्या आत ठेवा. मधोमध एक मोठी आकृती असावी, अक्षांवरची अक्षरं सहा फुटांवरून वाचता यायला हवीत. दोन मिनिटांत सांगायचा मजकूर तोंडपाठ नको, पण पहिली दोन वाक्यं पक्की असू द्या.

निघण्याआधी कोड प्रयोगशाळेच्या गिट भांडारात टाका आणि दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या सूचना वाचून तो चालवायला सांगा. तुमचं खातं कार्यक्रम संपला की बहुधा बंद होतं. काम पुढे निबंधात गेलं तर लेखकांत तुमचं नाव असेल का, हे शेवटच्या भेटीत विचारा. त्याच भेटीत पुढच्या वर्षासाठी शिफारसपत्र द्याल का, तेही विचारून घ्या. सप्टेंबरात परिषदांच्या मुदती बघा: एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अनेक परिषदांत पदवी विद्यार्थ्यांसाठी संशोधन स्पर्धा असते आणि कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांवर भर देणाऱ्या टॅपिया परिषदेतही पोस्टर लावता येतं. त्यासाठीचा सारांश मार्गदर्शकाला दाखवल्याशिवाय पाठवू नका, कारण त्यावर नाव त्यांचंही असतं.